घरगाडीच्या टपावर

जड धान, म्हणजे उशिरा पिकणारं, कापणीला आलं की आमच्या शहापूरची हवा बदलते. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, ऊन वर आलं की चटका बसतो, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात एक बारीक, पिवळसर धूळ सगळीकडे तरंगत राहते. मळणीयंत्रातून उडालेला भुसा, हायवेची माती, राईस मिलच्या धुराड्यातून निघालेली कोंड्याची काळी राख, सगळं त्यात मिसळलेलं असतं. ही धूळ शेवटी कुठे जाऊन बसते, याचा विचार गावात कोणी करत नसेल. मी करतो. ती माझ्या घरगाडीच्या टपावर, सोलरच्या पाट्यांवर येऊन बसते.

यंदाही बसली आहे. काल सकाळी वर चढून काचेवर बोट फिरवलं, तर रेघ ओढल्यासारखी खालची निळी काच दिसली. बोट नाकाशी नेलं. नव्या तणसाचा, धानाच्या काडाचा वास आला. आणि त्या वासासरशी तो एक हंगाम आठवला, वनमाला पहिल्यांदा पुण्याला गेली होती तो. त्यानंतर कितीदा धान कापून झालं, भाऱ्यांची पुंजणी रचली गेली आणि मोडली गेली. पण धानाच्या बांधीत विळे फिरायला लागले की माझ्या डोळ्यांपुढे तेच वर्ष उभं राहतं.

वनमाला म्हणजे माझी बायको. आणि घरगाडी म्हणजे एका इंग्रजी शाळेने काढून टाकलेली जुनी मिनीबस, जिचं आम्ही दोघांनी मिळून घर केलं. सीटा काढल्या, सुताराकडून दोन झोपायच्या फळ्या आणि एक ओटा करून घेतला, पडदे वनमालाने शिवले. समोर, ड्रायव्हरच्या पुढ्यात, तिने बुद्धाची छोटी मूर्ती बसवली आणि टपावर मी सोलर बसवून घेतलं. पंखा, दिवे आणि तिच्या हट्टाने घेतलेला एवढासा फ्रीज, हे सगळं त्या उन्हावर चालतं.

टप सांभाळणं हे एक कामच आहे. ऊन तापायच्या आत चढावं लागतं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. कार्तिकात एक बरं असतं, रात्रीच्या दवाने धूळ आधीच ओली झालेली असते, नुसता मऊ फडका फिरवला तरी निघते. बोअरचं पाणी चालत नाही, त्याचे पांढरे डाग पडतात. म्हणून मी पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवतो, ते सरलं की बोडीचं, गावच्या छोट्या तळ्याचं पाणी गाळून आणतो. पाटीवर पाय द्यायचा नाही, कडेने गुडघ्यांवर सरकायचं. पाट्या टपापासून जरा उचलून बसवलेल्या आहेत, त्या फटीत खारी घर करतात. कापूस, तणस, चिंध्या, काय काय आणून भरतात आणि वर वायरीही कुरतडतात. ते सगळं हात घालून काढायचं. स्क्रू आवळायचे. वायर जिथून आत जाते तिथला चिकट मसाला उन्हाने फुटला असेल तर खरवडून नवा भरायचा, नाहीतर पावसाळ्यात बरोबर उशीवर थेंब पडतो. सगळं झालं की आत येऊन बॅटरीजवळचा आकडा बघायचा. तो वर सरकलेला दिसला की मला अजून बरं वाटतं, कोणीतरी शाबासकी दिल्यासारखं.

उंचीची भीती मला नाही. मी टेलिफोन खात्यात लाईनवर होतो. खांबावर चढायचं, तार जोडायची, कानाला यंत्र लावून हॅलो म्हणायचं, आणि पलीकडून हॅलो आलं की खाली उतरायचं. वनमाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिरोड्याकडे. आमचं लग्न झालं तेव्हा तिरोडाही भंडारा जिल्ह्यातच होतं. आज ना उद्या ती बदली करून इकडे येईल हे आम्ही धरूनच चाललो होतो. मग जिल्ह्याचे दोन झाले. तिची शाळा गोंदियात गेली, माझी नोकरी भंडाऱ्यात राहिली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षकाची बदली म्हणजे काय, ते ज्याच्या घरात शिक्षक आहे त्यालाच कळतं. अर्ज करायचा, वाट पाहायची, पुन्हा अर्ज करायचा. प्रज्ञा, आमची एकुलती मुलगी, आईजवळ तिकडेच वाढली. मी कधी तुमसरला, कधी नाकाडोंगरीला, कधी मोहाडीला खोली करून राहिलो. शनिवारी संध्याकाळी जायचं, सोमवारी पहाटे निघायचं. पोर झोपलेली असायची. वनमाला दाराशी डबा घेऊन उभी असायची, आणि आम्ही हळू आवाजात बोलायचो.

सगळ्या संसारात आम्ही असंच हळू आवाजात बोललो असं मला कधीकधी वाटतं.

निवृत्त झाल्यावर चाकांचं घर करायचं हे तिच्याच डोक्यातून निघालं. ती म्हणायची, मी जन्मभर वर्गात नकाशा टांगून पोरांना सांची दाखवली, अजिंठा दाखवला, स्वतः एकही पाहिलं नाही. आणि दुसरं कारण तिने एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. इतकी वर्षं आपलं कोणी ना कोणी निघत राहिलं, आता निघायचं तर घरासकट निघू.

पहिली फेरी आम्ही नाकाडोंगरीची केली. मुद्दाम, कारण तिला मी राहायचो ती खोली पाहायची होती. खोली होती तशीच होती, आता तिथे कोणीतरी खताची पोती ठेवत होतं. जंगलाकडून येणारी हवा, खाणीच्या ट्रकांनी काळपट झालेला रस्ता, आणि ते कमी उंचीचं दार. वनमाला आत जाऊन उभी राहिली. भिंतीत मी शर्ट अडकवायचो तो खिळा तिने पाहिला, छताच्या कवेलूंतून येणारी उन्हाची तिरीप पाहिली. मग म्हणाली, "इथं राहत होते तुमी? मले तर वाटे चांगली खोली असन." मी हसून म्हणालो, चांगलीच होती. त्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर गाडी लावली. तिने स्टोव्हवर भात टाकला, अंबाडीची भाजी केली. वर पंखा फिरत होता, दिवसभर टपाने साठवलेल्या उन्हावर. जेवताना तिने ठरवून टाकलं की दिवाळी झाली की सांची.

दिवाळीच्या आधी प्रज्ञाचा फोन आला. ती पुण्याला नोकरी करते, जावईही तिथेच. बाळ तेव्हा लहान होतं, तिची रजा संपत आली होती, आणि ज्या सासूबाई येणार होत्या त्यांचंच दुखणं निघालं. प्रज्ञाने ये म्हटलं नाही. नुसतं काय झालं ते सांगितलं. वनमालाने फोन ठेवला आणि बॅग काढली. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, असं आम्ही दोघंही म्हणालो.

मीही गेलो होतो बरोबर. पण दोन खोल्यांचं घर, त्यात लेक-जावई दोघांची कामं घरूनच चालायची. एक या खोलीत लॅपटॉपशी बोलतो, एक त्या खोलीत. मी खोकलो तरी मलाच चोरट्यासारखं वाटायचं. मग मी खाली पार्किंगमधल्या बाकावर बसायला लागलो. तिथला वॉचमन लातूरकडचा होता, त्याच्याशी तेवढं बोलणं व्हायचं. एक दिवस वनमाला बाळाला घेऊन खाली आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, तुमी जा, गाडीची बॅटरी उतरून जाईल. गाडीची बॅटरी खरंच उतरली असती. तरी ती मला सोडवत होती हे मला कळलं.

मी परत आलो तेव्हा मंडईचे दिवस सुरू झाले होते. आमच्याकडे दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, दूरदूरचे पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्रभर दंडारीचे खेळ होतात. घराघरांतून वड्यांचा, मटणाच्या रश्श्याचा वास येतो. ओसरीवर माणसं मावत नाहीत, खाटा शेजारून मागवाव्या लागतात. त्या वर्षी माझ्या दोन्ही खाटा शेजाऱ्यांनी नेल्या. मी आनंदाने दिल्या. नंतर रिकामी झालेली ती जागा झाडून काढली, आणि मग तिथे काय करायचं ते सुचेना.

म्हणून मी टपावर जायला लागलो. आठवड्यातून एकदा पुसणं पुरतं, मी एक दिवसाआड चढू लागलो. वर गेलं की सगळं दिसायचं. आमच्या घरामागे पडीक जागा आहे, तिथे गाडी उभी असते, तिच्या पलीकडून बांध्याच बांध्या. कापलेल्या बांधीत धानाच्या ओळी आडव्या पडलेल्या. न कापलेली बांधी सोन्यासारखी म्हणतात तशी नसते, जवळून पाहिलं तर ती वाळल्या मातीच्या रंगाची असते, फक्त सकाळी थोडा वेळ उजळते. बायका वाकून पुढे सरकत असायच्या. हायवेवरून ट्रक जायचे. मी काचा पुसायचो, पुसून झालेल्या पुन्हा पुसायचो, आणि संध्याकाळच्या फोनची वाट पाहायचो.

फोनवर वनमाला विचारायची, जेवले का. मी सांगायचो, जेवलो. मी विचारायचो, बाळ कसं आहे. तेवढ्यात बाळ रडायचं आणि ती म्हणायची, ठेवते. नोकरीभर मी लोकांची बोलणी जोडून दिली. कोणाची लेक दुबईहून, कोणाचा भाऊ पलटणीतून बोलायचा. लोक पाच मिनिटांत केवढं बोलून घ्यायचे. आणि आमच्याकडे आता बोलायला काही कमी नव्हतं, तरी रोज तीच दोन वाक्यं व्हायची.

त्या दिवशी शेजारच्या गावची मंडई होती. सकाळीच सगळा मोहल्ला तिकडे निघून गेला, घरांना कुलपं लागली. मी नेहमीसारखी बांबूची शिडी लावून बादली घेऊन वर गेलो. पुसून होत आलं होतं. खाली काहीतरी घासल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं तर गावात मोकळा फिरतो तो सांड शिडीला मान घासत होता. मी हाड हाड केलं. त्याने एकदा वर पाहिलं, आणखी जोराने मान घासली, आणि शिडी सरकत सरकत गवतात जाऊन पडली. सांड दचकून बाजूला झाला आणि चरायला लागला.

आधी मला हसूच आलं. खांबांवर चढून ज्याचे केस पिकले, तो स्वतःच्या बसवर अडकला. उडी मारावी म्हणून कडेशी गेलो, खाली पाहिलं. एका बाजूला कुंपणाचे छाटलेले बांबू, दुसऱ्या बाजूला दगड. गुडघे तेव्हाही दुखायचेच. मोडलं बिडलं तर घरी पाणी द्यायला कोणी नाही, हा विचार मनात आला आणि मी मागे सरकलो. फोन आत चार्जिंगला लावलेला. माझ्या पायाखाली, त्याच टपाच्या उन्हावर तो चार्ज होत होता.

बसलो. कोणीतरी येईलच असं वाटत होतं. पलीकडच्या बांधीत मळणीयंत्र सुरू होतं, त्याचा घरघराट असा की स्वतःचा आवाज स्वतःला येऊ नये. बायका लांब, यंत्राजवळ होत्या. ऊन चढायला लागलं. पत्रा तापला, तसा मी फडका ओला करून त्यावर बसलो. बादलीतलं उरलेलं पाणी ओंजळीने प्यालो.

मध्ये एक मोटारसायकलवाला गल्लीत आला. मला वर पाहून त्याने गाडी थांबवली आणि हात करून ओरडून विचारलं, मंडईचा रस्ता कोणता जी. मी उभं राहून त्याला नीट हाताने दाखवलं, हायवेला लागा, मग डावीकडे वळा. तो हात जोडून निघाला. आणि तो वळणावर दिसेनासा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला शिडी लावून दे म्हणालोच नाही. विसरलो नव्हतो. शब्द तोंडात आले होते, पण एका अनोळखी पोराला मी अडकलोय हे सांगायची लाज वाटली. तो विचारेल, घरी कोणी नाही का. त्याला काय उत्तर द्यायचं, हेच मला जुळवता आलं नाही.

मग मळणीयंत्र थांबलं. बहुतेक जेवणाची सुट्टी झाली असावी. एकदम इतकं शांत झालं की कुठल्यातरी घरात कोंबडी खुडखुडत होती तेही ऐकू आलं. आता हाक मारली तर पोचेल. मी उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाजवळ धरले आणि हाक मारली. तोंडातून आलं, वनमाला.

ठरवून नाही. दुसरं काही आलंच नाही. फडका हवा असला तरी वनमाला, चष्मा सापडत नसला तरी वनमाला, खोलीवर एकटा असताना ठेच लागली तरी वनमाला. दुसऱ्या कोणाला हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. हाक बांध्यांवरून गेली. त्या बाजूला तिला नावाने ओळखणारंही कोणी नव्हतं. सांडाने तेवढं डोकं वर केलं. मी खाली बसलो, आणि नंतर पुन्हा हाक मारली नाही. यंत्र परत सुरू झालं तेव्हा मला बरंच वाटलं.

दुपार उतरायला लागली तेव्हा सगुणाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. ती पलीकडच्या बांधीत कापणीला यायची, माझ्या अंगणातल्या नळावर पाणी भरायची. तिने कळशी नळाखाली लावली आणि वर पाहिलं.

"काहून जी, आज दिवसभर वरतंच?"

मी म्हणालो, पाट्या पुसून राहिलो. तिने माझ्या हातातल्या कोरड्या फडक्याकडे पाहिलं, मग गवतात पडलेल्या शिडीकडे पाहिलं. शिडी उचलून लावली, तळाशी आपला पाय रोवला, दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी उतरलो. तिने कळशीतलं पाणी गडव्यात घालून दिलं आणि मी पिईपर्यंत थांबली.

"आमी तिकडून पाहून राहिलो होतो," ती म्हणाली. "मनलं बाबूजी ऊन खाऊन राहिले. आवाज नाही द्याचा का?"

"कोनाले देऊ? घरी कोनी नाही."

"घरचंच मानूस लागते का आवाज द्याले?" ती म्हणाली. "आमी होतोच ना तेथी."

तिने कळशी डोक्यावर घेतली आणि बांधावरून निघून गेली. मी गाडीत जाऊन फळीवर आडवा झालो. पंखा लावला. त्या दिवशी बॅटरीचा आकडा भरभरून वर होता, काचा इतक्या लख्ख झाल्या होत्या.

सगुणाबाईने हे शेजारच्या सुनेला सांगितलं असणार, आणि तिने फोनवर वनमालाला. संध्याकाळी फोन आला तेव्हा वनमालाने जेवले का विचारलं नाही. किती वेळ होते वर, विचारलं. मी म्हणालो, थोडा वेळ. मग ती म्हणाली, "कोनाले हाक मारली तुमी?"

"कोनालेच नाही."

"खरं सांगा."

"तुले," मी म्हणालो.

मागे बाळ रडत होतं. नेहमी ती लगेच फोन ठेवायची. त्या दिवशी बाळ रडत राहिलं, प्रज्ञाचा आवाज आला, दार लागलं, आणि वनमाला फोन कानाला लावून नुसती होती. मीही होतो. लाईन चालू असताना पलीकडचा श्वास ऐकू येतो, हे लाईनवर काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

ती आली. बाळाजवळ थांबायला प्रज्ञाने कशीबशी रजा काढली असेल. करडीला तिची धाकटी बहीण दिली आहे, तिथल्या मंडईला जायचं निमित्त केलं. आम्ही घरगाडी काढली. करडीच्या आधीच्या तलावाशी थांबलो, तर ती गाडीतून उतरून सरळ पाण्याकडे गेली आणि पाय सोडून बसली. पुण्यात बाळाला घेऊन बसायला अशी एक जागा नाही म्हणाली. कापलेल्या बांध्यांत लाखोरीच्या डाळीचे कोवळे कोंब वर आले होते, धान उभं असतानाच बांधीत फेकलेल्या बियांचे. तिने एक तोडून चावला.

तिथेच तिने मला प्रज्ञाचं म्हणणं सांगितलं. बस विकून टाका, बाबांनीही इकडेच यावं, थोडं मोठं घर भाड्याने घेऊ. चांगल्या मनाने सांगितलेलं होतं. मी विचारलं, तुझं काय म्हणणं. तिने बराच वेळ पाण्यात बोटं फिरवली.

"ते लेकरू मले पाहल्याशिवाय दूध पीत नाही," ती म्हणाली. "आन इकडं तुमी टपावर बसून राहता."

आम्ही दोघंही हसलो. मग ती उठली आणि पाय पुसून गाडीत जाऊन बसली. मंडईत तिने बाळासाठी लाकडी बैलजोडी घेतली. बहिणीने जेवायला वाढलं, जिजाजी, आणखी घ्या म्हणत राहिली. येताना वनमालाला झोप लागली. मी रस्ताभर खड्डे चुकवत गाडी हळू चालवली.

परतीच्या दिवशी मी तिला वरठीच्या स्टेशनवर घरगाडीनेच नेलं. ऑटो करा म्हणाली, मी ऐकलं नाही. वेळेच्या खूप आधी पोचलो. स्टेशनच्या आवारात झाडाखाली गाडी लावली, तिने चहा केला, आम्ही समोरासमोर फळ्यांवर बसून प्यालो. तेव्हा ती म्हणाली, "इकू नका गाडी. पन माझी वाटही नका पाहू. सांचीले तुमी जाऊन या."

मी म्हणालो, एकट्याने काय पाहायचं.

"मी न पाहता एवढ्या पोरायले दाखवलं," ती म्हणाली. "तुमी पाहून एकीले दाखवा."

पुढच्या थंडीत मी गेलो सांचीला. एकटाच. त्या मोठ्या घुमटासमोर उभं राहून फोन लावला, तोरणावरचं कोरीव काम एकेक करून दाखवलं. ती बाळाला मांडीवर घेऊन पाहत होती, आणि वर्गात सांगितल्यासारखं बाळाला सांगत होती, हे पाय, हे हत्ती, हे झाड. मध्ये चित्र अडकायचं, मी हात वर करून जागा बदलायचो. नंतर संध्याकाळी गाडीत वंदना म्हटली, खिचडी टाकली. आता तो नातू शाळेत जातो. वनमाला मंडईला येते, उन्हाळ्यात येते, परत जाते. जिल्ह्याने वेगळं केलं होतं तेव्हा कोणावर तरी रागावता यायचं. आता कोणावर रागावणार? त्या मुलाच्या पायात बूट तिनेच घालायला हवेत.

पण तो हंगाम म्हटला की मला सांची आठवत नाही. वरठीच आठवतं.

गाडी आली, वनमाला चढली, खिडकीच्या जाळीतून तिची बोटं दिसली, आणि गाडी गेली. मी आवारात येऊन घरगाडीत बसलो. निघावंसं वाटेना. घरी जाऊन करायचं काय, टप तर कालच पुसला होता. ओट्यावर तिचा कप, माझा कप, स्टोव्ह अजून कोमट. दार उघडंच होतं. ऊन कलत होतं.

"चाय भेटन का जी इथं?"

दाराशी एक माणूस उभा होता. माझ्याच वयाचा, गळ्यात गमछा, हातात कापडी पिशवी. त्याने आत स्टोव्ह पाहिला होता, कप पाहिले होते, आणि चहाची गाडी समजला होता. हे घर आहे, असं मी सांगणार होतो.

"भेटते," मी म्हणालो. "बसा."

तो संकोचून फळीच्या टोकावर बसला. मी भांडं विसळून पाणी ठेवलं. तो आपणहून बोलायला लागला. मोहाडीकडचा होता. लेक येणार होती नागपूरहून, लग्नानंतर पहिल्या मंडईला. जावयाला सुट्टी मिळाली नव्हती, एकटीच येत होती. गाडी उशिरा आहे म्हणतात, सकाळपासून येऊन बसलो. पोरीला वडे आवडतात, तिच्या मायने डाळ भिजू घातली आहे. मी आलं ठेचून टाकलं. तो चहा प्याला, चांगला आहे म्हणाला, खिशात हात घातला. मी नको म्हणालो. तो म्हणाला असं कसं जी. तेवढ्यात भोंगा ऐकू आला आणि तो गमछा सावरत पळत सुटला.

मी कप उचलले. आता निघू म्हटलं. किल्ली हातात घेतली, तर तो परत येताना दिसला. पाठीमागे पिवळ्या साडीतली मुलगी, डोक्यावर पदर, हातात बॅग, थकलेली आणि हसरी.

"हिलेही पाजा जी," तो दारातूनच म्हणाला. "उभी राहून आली बिचारी."

मी तिला आत बोलावलं. दूध थोडंच उरलं होतं, त्यात पाणी घातलं आणि स्टोव्ह पेटवला. ती फळीवर वडिलांजवळ बसली, आणि दोघं एकदम बोलायला लागले. म्हैस व्याली का, आजीचा पाय कसा आहे, तिकडं तुले करमते का, बारीक काहून झाली. मोठमोठ्याने, एकमेकांचं वाक्य तोडत. मी त्यांच्याकडे पाठ करून चहा ढवळत उभा होतो. उकळी आली. मी आच कमी केली आणि ढवळत राहिलो.